सहलीच्या संमतीपत्रात दर्शनाची संमती नसते

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की इंदापूर-बारामती भागातील शाळांना सहलीचे वेध लागतात. एस. टी. महामंडळ शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत देते, म्हणून लाल गाडी ठरते. वर्गणी जमते, पालकांकडून संमतीपत्र भरून घेतले जाते आणि मग एखाद्या पहाटे पुणे-सोलापूर रस्त्यावर, पळसदेवच्या फाट्यावरून गाणी म्हणत चाललेली पोरांची गाडी दिसते. कुठे चालली हे विचारायची फारशी गरज पडत नाही. मोरगाव, जेजुरी, सिद्धटेक, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. मध्ये फार तर एखादा किल्ला, नाही तर एखादी बाग. गाडीच्या काचेवर फलक मात्र ‘शैक्षणिक सहल’ असाच असतो.

या गाडीत आमचीही मुले असतात. त्यांच्या घरात भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते आणि बहुधा त्याशेजारीच बावीस प्रतिज्ञांचा कागद चिकटवलेला असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला त्या प्रतिज्ञा दिल्या. त्यातील पहिल्या तीन प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या व त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. आता सहलीचा मार्ग आणि प्रतिज्ञांचा क्रम शेजारी शेजारी ठेवून पाहा. जेजुरीचा खंडोबा शंकराचा अवतार मानला जातो, पंढरीचा विठोबा विष्णूचा, आणि मोरगावला तर साक्षात गणपतीच. म्हणजे ज्या देवांपुढे हात न जोडण्याचे वचन आजोबांनी दिले, नेमक्या त्याच देवांपुढे नातवाला शाळेच्या गणवेशात, शाळेच्या रांगेत उभे केले जाते. त्याने काय करावे?

हा प्रश्न हवेतला नाही. काही वर्षांपूर्वी पळसदेवला एका धम्म कार्यक्रमानंतर उजनीच्या बॅकवॉटरकाठच्या एका गावातील गृहस्थ मला बाजूला घेऊन बोलले. साखर कारखान्यावर हंगामी कामाला असलेला साधा माणूस. मुलगी सहावीत, शाळा तालुक्यातलीच, गावाचे नाव सांगत नाही. सहल मोरगाव-जेजुरीला गेली होती. मोरगावला रांगेत बाई सर्व मुलींना गंध लावून घ्यायला आणि हात जोडायला सांगत होत्या. ही मुलगी बाजूला सरकली आणि म्हणाली, “बाई, आम्ही हात जोडत नाही.” तेवढेच म्हणाली. त्यावर बाईंचे उत्तर, “तुमचं नेहमीचंच आहे. येणार नसशील तर इथं बस आणि सगळ्यांच्या चपला राख.”

ती बसली. पन्नासेक मुलांच्या चपलांपाशी अकरा वर्षांची मुलगी अर्धा-पाऊण तास बसून राहिली. परतीच्या गाडीत तिला नाव पडले आणि ते नाव वर्गापर्यंत आले. बाप म्हणाला, “साहेब, पोरगी दोन दिवस धड जेवली न्हाई. म्हंती, मी हात जोडलं असतं तर बरं झालं असतं का?”

त्या बाईंना ‘चपला राख’ हेच काम का सुचले? गाडीत जाऊन बस म्हणता आले असते, बाहेरच्या दुकानापाशी थांब म्हणता आले असते. हात न जोडणाऱ्या मुलीसाठी तोंडातून पहिले काम निघाले ते पायताणाचे. याला मी चूकभूल म्हणत नाही. गावगाड्याने शेकडो वर्षे जे शिकवले ते बोलण्यात आपोआप येते आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

सहलीत माणसाला त्याची जागा दाखवली जाते, हे बाबासाहेबांनीही भोगले आहे. १९३४ साली तीसेक कार्यकर्त्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या या मंडळींनी तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर मुसलमान जमाव अंगावर धावून आला, हौद बाटवला म्हणून. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो सोबत हत्यारी शिपाई देऊन, कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. कायदेमंत्री होण्याआधीचा, बॅरिस्टर झाल्यानंतरचा.

आता कायद्याचे बोलू. भारतीय संविधानाचे कलम २५ प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. ‘व्यक्ती’ म्हणजे फक्त मतदार नव्हे, शाळकरी मूलही व्यक्तीच आहे. कलम २८ (१) सांगते की, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा यात येतात. कलम २८ (३) त्याहून महत्त्वाचे आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या कोणालाही, त्याच्या आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. खासगी संस्थांची माध्यमिक विद्यालये मान्यता आणि अनुदान घेतात, तेव्हा त्यांनाही हे लागू आहे.

या कलमावर संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण का नको, याची कारणे बाबासाहेबांनी तेव्हा दिली. सगळ्यांच्या करातून आलेला पैसा एका धर्मासाठी वापरणे योग्य नाही. या देशात इतके धर्म आहेत की प्रत्येकाच्या मुलाला त्याच्या धर्माचे शिक्षण देणे जमणारे नाही. आणि प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा म्हणतो, तेव्हा शाळेत भांडण येणारच. पंच्याहत्तर वर्षे उलटून गेली, पण मोरगावच्या रांगेत उभ्या असलेल्या शिक्षकाला या चर्चेचा गंध नसतो. कपाळावरचा गंध मात्र असतो.

शाळेच्या बाजूने एखादा हुशार वकील उभा राहिला तर तो म्हणेल, कलम २८ (३) मध्ये ‘संस्थेत किंवा तिला जोडलेल्या जागेत’ चालणाऱ्या उपासनेबद्दल लिहिले आहे. मोरगावचे मंदिर काही शाळेला जोडलेले नाही. अक्षराकडे पाहिले तर हा मुद्दा बिनबुडाचा नाही, हे मी मान्य करतो. पण सहलीत शाळा भिंती सोडून बाहेर आलेली असते, अधिकार सोडून नव्हे. गाडी शाळेने ठरवली, हजेरी शाळेने घेतली, रांग शिक्षकांनी लावली, शिस्त मोडली तर शिक्षा शाळाच करणार. जे आवारात करता येत नाही तेच पन्नास-साठ किलोमीटरवर नेऊन करता येते, असा अर्थ लावायचा तर कलमाला काही अर्थच उरत नाही. आणि तो मुद्दा धरून ठेवला तरी कलम २५ शिल्लक राहतेच, त्याला आवाराची मर्यादा नाही.

दुसरा बचाव नेहमीचा. पालकांनी सही करून संमती दिली होती ना? दिली होती. पण कशाला? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या बाबतीत शाळा सावध झाल्या आणि संमतीपत्रे लांबली. त्यात पोहणे येते का, काही आजार आहे का, औषध चालू आहे का, सारे विचारले जाते. मूल कोणत्या देवाला मानते किंवा मानत नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. जे विचारलेच नाही त्याला होकार दिला, असे कायद्यात धरता येत नाही. प्रवासाला दिलेली संमती ही दर्शनाला दिलेली संमती नव्हे.

न्यायालयांनी या बाबतीत काय म्हटले आहे तेही पालकांना माहीत हवे. केरळात यहोवा साक्षीदार पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हते. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये, न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने, त्यांना परत घ्यायला लावले. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. जिथे राष्ट्रगीत गाण्याचीही सक्ती टिकली नाही, तिथे मयूरेश्वरापुढे हात जोडण्याची कशी टिकेल?

आपल्या महाराष्ट्रातला खटला तर याहून जवळचा आहे. नाशिकला सावित्रीबाई फुले यांचे नाव असलेल्या माध्यमिक शाळेत संजय साळवे हे शिक्षक होते. प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहत, पण हात जोडत नसत. तेवढ्यावरून त्यांच्यावर कारवाई झाली आणि वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. ते उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने सांगितले की, प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करणे हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. साळवे जिंकले. पण त्यात त्यांची काही वर्षे गेली, आणि ते कमावते, प्रौढ शिक्षक होते. सहावीतल्या मुलीने कोणत्या न्यायालयात जायचे?

त्या गृहस्थांनी मला विचारले होते की अ‍ॅट्रॉसिटीची केस करायची का. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातीत समावेश झालेला आहे, त्यामुळे तो मार्ग आपल्याला बंद नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ चे कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला बंदी घालते, तेही हाताशी होते. परंतु मुख्य साक्षीदार ती मुलगीच. तिला त्याच चपलांची गोष्ट पोलिसांपुढे, मग न्यायालयात, उलटतपासणीत पुन्हा पुन्हा सांगावी लागली असती. मी केस न करण्याचा सल्ला दिला आणि बापाला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. मुख्याध्यापक सज्जन होते. चहा दिला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, देवाला हात जोडल्यानं काय बिघडतं? ही आपली संस्कृती आहे.” मी म्हटले, जोडल्याने काही बिघडत नसेल तर न जोडल्यानेही काही बिघडत नाही, मग तिला चपलांपाशी का बसवले? त्यावर ते गप्प झाले. लेखी दिलगिरी मिळाली, पुढच्या वर्षी संमतीपत्रात बदल करण्याचे कबूल झाले आणि बदल झालाही. पुढच्या वर्षी बापाने आनंदाने सही केली. मुलीनेच नको म्हटले. ती सहलीला गेली नाही, पुन्हा कधी गेल्याचेही माझ्या ऐकिवात नाही. यातले सगळ्यात मोठे नुकसान मी हे मानतो.

म्हणूनच ‘आपल्या मुलांना सहलीला पाठवूच नका’ असे म्हणणाऱ्या आपल्याच काही कार्यकर्त्यांशी माझा मतभेद आहे. मूल घरी बसवून श्रद्धा जपायची, तर शाळा सुटकेचा निःश्वास टाकेल आणि गाडी बिनबोभाट मोरगावला जात राहील. ज्या पोराने पुणे पाहिले नाही, समुद्र पाहिला नाही, त्याला वर्षातला एक दिवस मित्रांबरोबर गाडीत बसायला मिळतो, तोही आपण हिरावून घ्यायचा का? मूर्ती पाहिल्याने बौद्ध बाटत नसतो. पाहणे वेगळे, पूजणे वेगळे.

पळसदेवचेच घ्या. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. गाव उठले, नवे गावठाण वसले. पळसनाथाचे जुने दगडी मंदिर मात्र जलाशयातच राहिले. ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली जाते, तेव्हा ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही पडले होते. शाळेने मुलांना ते जरूर दाखवावे. दगडावर दगड कसा बसवला ते दाखवावे, वीरगळ म्हणजे काय ते सांगावे. धरणाने कोणाच्या शेतात पाणी गेले आणि कोणाचे घर त्या पाण्यात गेले ते सांगावे. जुन्या गावात महारवाडा कुठे होता आणि नव्या गावठाणात तो कुठे बसवला, हेही एखाद्या गुरुजींनी विचारावे. माझ्या मुलांना मी ते मंदिर पाहायला कधीही अडवणार नाही. तिथे नारळ फोडून आरती म्हणायची वेळ आली, की तिथून सहल संपते आणि उपासना सुरू होते.

जर्मनीत रेन्ड्सबर्ग या गावी २०१६ साली भूगोलाच्या तासाचा भाग म्हणून मुलांना मशीद दाखवायला नेणार होते. एका तेरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी त्याला पाठवले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये त्यांना दंड झाला. आपल्याकडील काहींना वाटेल की आपण या पालकांच्या बाजूचे. मी नाही. तिथे मुलांना नमाज पढायला कोणी सांगितले नव्हते, नुसते पाहायचे होते. आपण जर पाहण्यालाही नकार देऊ लागलो, तर उद्या दीक्षाभूमीला किंवा चवदार तळ्याला मुले नेण्यास कोणी नकार दिला तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

आणि एक इतिहास इथे विसरता येत नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारे बंद करून आपल्याला बाहेर ठेवले. पंढरपूरचे दार उघडायला मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आज त्याच दारातून आमच्या पोरांना हात धरून आत ओढतात आणि वर म्हणतात, आता तर तुम्हाला प्रवेश आहे, मग येत का नाही? काळारामचा लढा देवासाठी नव्हता, माणूस म्हणून बरोबरीच्या हक्कासाठी होता, हे बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. आत जाण्याचा हक्क ज्याला आहे त्यालाच आत न जाण्याचाही हक्क असतो. काल दार लावणारा आणि आज आत ढकलणारा, दोघांनाही आमच्या मनात काय आहे हे विचारावेसे वाटले नाही.

कोणी म्हणेल, अकरा वर्षांच्या पोरीला कसली आली श्रद्धा, ती बापाचेच बोलणार. मान्य. पण रांगेत हात जोडणारी बाकीची एकोणपन्नास मुलेही आपापल्या आईबापाचेच करत असतात, त्यांना कोणी हे विचारत नाही. १९९२ साली भारताने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम १४ मध्ये मुलाला विचार, विवेक आणि धर्माचे स्वातंत्र्य मानले आहे, आणि मूल जसजसे उमजते होत जाईल तसतसे आईबापांनी मार्गदर्शन करावे असे म्हटले आहे. मार्गदर्शन, बळजोरी नव्हे. हे आपल्यालाही लागू आहे. मैत्रिणींबरोबर मुलीने हात जोडले म्हणून घरी आल्यावर तिला झोडपणारे बाप मी पाहिले आहेत. प्रसादाचा पेढा खाल्ल्याने धम्म बुडत नाही. जेजुरीला उधळलेला भंडारा तर कोणाच्या अंगावर पडत नाही? ती हळद आहे, धुतली की जाते. मुलाला जवळ बसवून का ते समजावून सांगा. ज्या घरात गणपतीचे पाच दिवस ‘मुलांच्या हट्टासाठी’ मखर सजते, त्या घराने शाळेशी भांडायला जाण्याआधी मखर आवरावे, हेही स्पष्ट लिहितो. शाळेतले लोक तेच तोंडावर फेकतात.

शाळेकडे आपण काय मागायचे, तर सहल खरोखर शैक्षणिक करा. शाळा अष्टविनायक करतात तेव्हा जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला जातातच. सुमारे तीनशे पायऱ्या चढून मुले गिरिजात्मजाचे दर्शन घेतात आणि उतरतात. आपण ज्या दालनात उभे होतो ते मुळात भिक्खूंचा विहार आहे, भिंतीतल्या त्या लहान खोल्या भिक्खूंच्या आहेत, हे त्यांना कोण सांगते? तीसेक बौद्ध लेण्यांच्या त्या समूहातले हे सातवे लेणे. शेजारच्या सहाव्यात चैत्यगृह आहे, आत स्तूप आहे आणि कल्याणच्या सुलसदत्ताने ते दान केल्याचा शिलालेख आहे. कार्ल्याला तेच. एकवीरेच्या रांगेत तासभर उभी राहिलेली मुले, तिथेच शेजारी असलेल्या, देशातील सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहात डोकावतात आणि फोटो काढून निघतात. आमच्या मुलाला गणपतीपुढे वाकायला लावणारी शाळा, त्याच छताखाली त्याच्या पूर्वजांची खोली दाखवायला विसरते.

जवळचीच ठिकाणे हवीत तर तीही आहेत. जेजुरी ज्या पुरंदर तालुक्यात आहे त्याच तालुक्यात जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे गाव खानवडी आहे. बारामतीहून सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. पुण्याच्या बाजूला गेलात तर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली तो विहार आहे. तिथेही दुसऱ्या धर्माच्या मुलाला वंदना म्हणायची सक्ती होता कामा नये. आणि धर्माचे काहीच नको असेल तर थंडीत भिगवणजवळ कुंभारगावला रोहित पक्षी येतात. ते सगळ्या जातीधर्माच्या पोरांना सारखेच गुलाबी दिसतात.

तोवर पालकांनी एक काम करावे. संमतीपत्र घरी येईल तेव्हा नुसती सही करून परत पाठवू नये. पाठीमागे एवढेच लिहावे : “माझा पाल्य/पाल्या बौद्ध आहे. सहलीस माझी संमती आहे. कोणत्याही धार्मिक विधीत, आरतीत, गंध लावणे, हात जोडणे यांत भाग घेण्यास संविधानाच्या कलम २५ व २८ (३) नुसार संमती नाही. अशा वेळी त्यास/तिला शिक्षकांच्या देखरेखीखाली सन्मानाने बसण्याची सोय करावी व कोणतेही वेगळे काम सांगू नये.” खाली सही, तारीख. दोन प्रती कराव्यात. एकीवर मुख्याध्यापकांचा शिक्का आणि पोच घ्यावी, आणि ती प्रत सहलीच्या दिवशी मुलाच्या दप्तरात ठेवावी.